‘फील’ येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही?

जालन्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “वय ४१, जालन्याजवळ कृषी सेवा केंद्र आहे. लहानपणापासूनची हौस म्हणून पीपीएलसाठी (खासगी वैमानिक परवाना) नाव घातलं. दोन-तीन आठवड्यांनी एकदा गाडी काढून जातो, एक-दीड तास उडतो आणि परत येतो. सेसना १५२ या छोट्या विमानावर १७ तास झाले. बाकी सगळं जमतं, लँडिंग जमत नाही. जमिनीजवळ आलं की कधी विमान परत वर उचलतं, कधी धाडकन आपटतं. आतापर्यंत तीन इन्स्ट्रक्टर झाले. तिघंही म्हणतात, ‘फील येईल.’ सोबतची विशीतली पोरं १२-१४ तासांत सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, गेली. माझं वय झालं का? आणि सोलोत इंजिन बंद पडलं तर काय, असं बायको विचारते. तिला काय सांगू?”

मी मूळची अंबाजोगाईकडची. गेली २२ वर्षं हलक्या विमानांवर शिकवते आहे. तुमच्या शेजारच्या सीटवर मी बसलेली नाही, त्यामुळे तुमच्या हाताचं निदान इथून करता येणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या आहेत.

वयाचं आधी सांगते, कारण तीच गोष्ट तुम्हाला जास्त खातेय असं दिसतं. वय झालेलं नाही. पीपीएलला किमान वय १७ आहे, वरची मर्यादा नाही. क्लास २ मेडिकल (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) निघालं की वयाचा विषय तिथेच संपतो. परवान्यासाठी किमान ४० तास लागतात, आणि नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांत बरोबर ४० मध्ये आटोपलेले मी फार थोडे पाहिलेत. ज्या पोरांशी तुम्ही तुलना करताय ती हॉस्टेलला राहतात आणि आठवड्यातून चार-पाच दिवस उडतात. त्यांचे १३ तास तीन आठवड्यांतले असतील, तुमचे १७ तास आठ-नऊ महिन्यांतले. लॉगबुकात आकडा सारखाच दिसतो, हातात मात्र तो सारखा उतरत नाही. चाळिशीतल्या माणसाचा हात पहिल्यांदा थोडा उशिरा बसतो आणि मध्ये खंड पडला तर लवकर विसरतो, हे मी नाकारत नाही. पण हवा बघून ‘आज नको’ म्हणायची अक्कल त्याला आधीपासून असते. विशीतल्या पोरांना ती शिकवताना माझा जीव जातो.

आता ‘फील’. हा शब्द आम्ही इन्स्ट्रक्टर लोक फार सहज वापरतो आणि त्यानं विद्यार्थ्याचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. फील म्हणजे काही दैवी देणगी नाही. डोळे कुठे आहेत, वेग किती आहे आणि हे दोन्ही दर वेळी सारखं आहे का, एवढ्यातून तो तयार होतो. लँडिंग जमत नाही असं तुम्ही म्हणता, मला तुमची अडचण नजरेची आणि खंडाची वाटते. वेगाचीही असणार, पण ती बहुतेक नजरेतूनच आली असावी.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. काही वर्षांपूर्वी हिंगोलीकडची एक मुलगी माझ्याकडे शिकत होती. उंची जेमतेम पाच फूट. अभ्यासात चोख, रेडिओवर स्वच्छ बोलायची, पण १५ तास होऊनही जमिनीपासून दहा-बारा फुटांवर थांबायची आणि तिथून विमान पडायचं. मीही तिला दोन-तीन आठवडे ‘फील येईल’ हेच सांगत होते. एका सकाळी ती यायच्या आधी मी तिच्या सीटवर बसले. सीट तिच्या खाचेत तशीच ठेवली आणि डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला येतील इतकी खाली सरकले. समोर इंजिनचं कव्हर आणि डॅशबोर्ड, त्याच्या वर थोडंसं आकाश. नाक किंचित वर गेलं की तिला धावपट्टी दिसतच नव्हती. ती बिचारी अंदाजाने उतरत होती आणि मी तिला अंदाज सुधारायला सांगत होते. दुसऱ्या दिवशी सतरंजीची घट्ट घडी करून खाली दिली. ती सरकत नाही ना, रडर पेडल (शेपटीची पट्टी वळवणारं पायातलं पेडल) पूर्ण दाबता येतं ना, योक (नाक वर-खाली करणारं हातातलं स्टिअरिंग) मांडीला अडत नाही ना, हे सगळं जमिनीवर तपासलं. त्या सकाळचं चौथं लँडिंग तिने माझा हात न लागता केलं.

तेव्हापासून कुणाचं लँडिंग अडलं की मी पहिल्यांदा सीट बघते. तुमची सीट कितव्या खाचेत लॉक होते ते लिहून ठेवा आणि दर वेळी तिथेच बसा. खाच बसल्याचा आवाज ऐका, अंग मागे-पुढे रेटून सीट हलत नाही याची खात्री करा. डोळ्यांची उंची दर वेळी वेगळी असेल तर धावपट्टीचं चित्रही दर वेळी वेगळं दिसणार. मग मेंदूनं लक्षात ठेवायचं तरी कोणतं?

दुसरं, तुमच्या वयामुळे मुद्दाम विचारते: वाचायचा चष्मा लागला का? आणि लागला असेल तर प्रोग्रेसिव्ह आहे का? त्या काचेचा खालचा भाग जवळचं बघायला असतो. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी विमान सावरताना, नाक वर आलं की माणूस नकळत हनुवटी उचलतो आणि धावपट्टी त्या खालच्या भागातून बघायला लागतो. ऐन वेळी चित्र पुसट होतं. माझ्याकडे असे दोन जण आले होते, दोघांनाही स्वतःला ते कळलेलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘विमान चालवतो, समोर आणि पॅनलवर असं दोन्हीकडे बघावं लागतं’ हे स्पष्ट सांगा, आणि चष्म्यात बदल केलात तर मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा.

सीट आणि चष्मा ठीक असेल तर मग नजर कुठे ठेवायची हा प्रश्न. तुमच्या दुकानातलं बियाणं ज्या तिफणीतून पेरलं जातं ती तिफण धरणारा माणूस आठवा. तो पायाशी बघत नाही. समोरच्या बांधावरची एखादी बाभूळ धरतो आणि तिच्यावर नजर ठेवून चालतो, म्हणून तास, म्हणजे पेरणीची ओळ, सरळ येतो. नवशिका फणाकडे बघतो आणि तास वाकडा जातो. विमानातही तसंच आहे. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरत असताना, नजर टेकायच्या अलीकडच्या एका ठरलेल्या खुणेवर ठेवायची, समजा धावपट्टीच्या आकड्यांवर. ती खूण काचेवर एकाच जागी स्थिर राहिली तर तुम्ही तिथेच पोहोचणार. ती काचेत वर सरकायला लागली तर तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकली तर पुढे जाणार. मग जमीन १५-२० फुटांवर आली, म्हणजे गवताचं पातं वेगळं दिसायला लागलं, की नजर तिथून उचलून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. ते आकड्यांकडे बघतच राहतात, जवळची जमीन अंगावर धावून येते, घाबरून योक ओढतात आणि विमान वर उचलतं. तुमचं ‘कधी वर उचलतं’ हे बहुतेक हेच असावं. उलट फार लवकर लांब बघितलं तर खोलीचा अंदाज येत नाही आणि विमान न सावरता जमिनीला भिडतं. नजर दूर गेली की धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत रुंदावताना आणि वर येताना दिसतात. उंची त्यावरून कळते.

यापुढे मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच सांगते: विमानाला टेकू द्यायचं नाही असं ठरवा. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायची मूठ) बंद, पंख सरळ, आणि ते बसायला लागलं की योक थोडा मागे, परत बसायला लागलं की परत थोडा मागे. तुम्ही अडवत राहता आणि वेग संपला की ते मागच्या चाकांवर आपोआप टेकतं. ‘आता टेकवतो’ म्हणून टेकवलेलं विमान आपटतं.

वेगाबद्दल. १५२ ला पूर्ण फ्लॅप्सवर (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या) फायनलचा वेग ५५ ते ६५ नॉट (ताशी सागरी मैल) असतो. मी ६० शिकवते. भीतीपोटी माणूस ७० ठेवतो आणि त्याला वाटतं दहाच तर जास्त आहेत. पण विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ६० ऐवजी ७० म्हणजे सुमारे ३६ टक्के जादा ऊर्जा. ती कुठेतरी जायला हवी ना? ती जाते विमान तरंगत ठेवण्यात, आणि तुम्ही योक जरा जास्त ओढला की वर उचलण्यात. तुमच्या पुढच्या तासाला फायनलवर दर तीन-चार सेकंदांनी वेग मोठ्याने बोला: साठ, साठ, बासष्ट, साठ. ट्रिम, म्हणजे योकवरचा दाब काढून टाकणारं चाक, असं लावा की हात सैल सोडला तरी ६० राहावेत. हात योकशी झुंजत असला तर बारीक दाब कळणारच कसा?

आपल्या मराठवाड्याच्या उन्हाचा यात मोठा वाटा आहे आणि बाहेरून आलेले इन्स्ट्रक्टर पहिल्या वर्षी तो विसरतात. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात ४० अंश तापमान असताना तिथली हवा साधारण ५,३०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. काटा ६० नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग ६५ च्या आसपास असतो. जमीन नेहमीपेक्षा जोरात सरकताना दिसते, आपण फार वेगात आहोत असं वाटून हात नाक वर उचलतो आणि वेग पडतो. अशा वेळी डोळ्यांना वाटतं त्यावर न जाता काट्यावर जायचं. शिवाय दहा वाजल्यानंतर नांगरून पडलेल्या काळ्या रानावरून गरम हवा वर उचलते आणि शेजारच्या ओलिताच्या उसावर आलात की विमान खाली बसतं. फायनलच्या शेवटच्या अर्ध्या मैलात असे दोन तुकडे आले तर अनुभवी हातालाही काम पडतं, १७ तासांच्या हाताची काय कथा! तुमचे कोणते तास किती वाजता झाले ते लॉगबुकात बघा. जालन्याहून निघून पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होत असतील आणि तुमचं निम्मं शिक्षण उन्हात झालं असेल, तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा आणि साडेसहा-सातचा तास मागा. याहून स्वस्तातला उपाय मला माहीत नाही.

आपटण्याबद्दल एक सावधगिरी मात्र मनावर घ्या. चाकं आपटून विमान उसळलं की नाक खाली दाबायचं नाही. मी स्वतः विद्यार्थिनी असताना दाबलं होतं. पुढचं चाक आधी आपटलं, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी आली आणि इन्स्ट्रक्टरने कंट्रोल हिसकावून घेतला म्हणून प्रोपेलर वाचला. थोडीशी उसळी असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरून ठेवायचं. मोठी असेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं: पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी मूठ) बंद, नाक सावरून फ्लॅप्स २० अंशांवर, वेग धरला की मग वर. कुणी सांगायची वाट न बघता, न लाजता. माझ्या विद्यार्थ्याने स्वतःहून घेतलेला गो-अराउंड मी चांगल्या लँडिंगच्या बरोबरीचा मानते.

इन्स्ट्रक्टरकडे दोन गोष्टी मागून घ्या. एक, हँगरमध्ये उभ्या विमानात तुम्ही बसा आणि तिथल्या माहितगार माणसाकडून योग्य जागी हात देऊन शेपूट खाली दाबून घ्या, म्हणजे नाक लँडिंगला येतं तितकं वर येईल. पाच मिनिटं नुसतं बघत बसा. कव्हरची कड क्षितिजाला कुठे टेकते, धावपट्टीची कड काचेच्या कोपऱ्यात कुठे येते. हे चित्र उडताना तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतं, इथे हवं तितका वेळ मिळतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन, शांत सकाळी, लांब धावपट्टीवर, टॉवरची परवानगी घेऊन पाच-दहा फुटांवरून थोड्या पॉवरवर न टेकता सरळ जायचं आणि शेवटी वर घ्यायचं. हे इन्स्ट्रक्टर सोबत असतानाच. अशा दोन-तीन फेऱ्यांत जमिनीजवळची भीती उतरते, कारण जमिनीजवळ असणं म्हणजे लगेच टेकणं नव्हे हे अंगाला कळतं.

आता खंडाचं. तुमच्या पद्धतीत प्रत्येक तासाचा पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जातो. एका तासात साधारण आठ-नऊ सर्किट, म्हणजे उडून, वळसा घालून परत उतरायच्या फेऱ्या, होतात, त्यातली शेवटची तीन-चारच तुमची शिकायची. आणि तिथे तास संपतो. वरून तीन इन्स्ट्रक्टर. एकजण म्हणतो वेग नाकाने धरा, दुसरा थ्रॉटलने सांगतो, तिसरा फ्लॅप्स वेगळ्या जागी सोडतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण सोलोपर्यंत तरी एकच आवाज कानात हवा. शाळेत जाऊन नम्रपणे पण ठामपणे सांगा की सोलो होईपर्यंत इन्स्ट्रक्टर बदलू नका.

तुमच्या धंद्याचं गणित मला ठाऊक आहे, माझा मामाही बियाण्यातलाच. मृगापासून जुलैपर्यंत तुम्ही दुकानातून हलू शकत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा-ज्वारीची गर्दी. डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात मोकळा. नेमका तोच काळ आपल्याकडे शिकायला सगळ्यात चांगला. हवा गार, वारा मंद, दुपारपर्यंत हादरे नाहीत, एखाद्या सकाळी धुकं आलं तर तेवढाच उशीर. त्यामुळे आतापासून तुकड्या-तुकड्यांनी पैसे घालण्यापेक्षा ते साठवा आणि डिसेंबरात सलग दहा-बारा दिवस तिथेच राहा. रोज एक तास, फार तर दोन, मध्ये विश्रांती. तोपर्यंत घरी रोज पंधरा मिनिटं खुर्चीत बसून पूर्ण सर्किट तोंडाने म्हणा, हात जिथे जायचा तिथे न्या. डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेचा टप्पा), कार्ब हीट, थ्रॉटल, फ्लॅप्स, बेस (त्यानंतरचा आडवा टप्पा), फायनल, साठ. वेड्यासारखं वाटेल, पण हातांना क्रम पाठ झाला की विमानात डोळे मोकळे राहतात.

दहा-बारा दिवसांत सोलो होईलच असं मी लिहून देणार नाही. माझ्या हाताखाली विद्यार्थी सोलोला कधी जातो ते सांगते: सलग तीन लँडिंग मी हात न लावता आणि एक शब्द न बोलता झाली, एक गो-अराउंड त्याने स्वतःच्या निर्णयाने घेतला, आणि मी सर्किटमध्ये अचानक थ्रॉटल बंद केला तेव्हा त्याने पहिल्यांदा नाक खाली घेतलं. त्या दिवशी मी उतरते. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. त्यातून ७०-७५ किलोचा माणूस उतरला की जवळपास दहावा हिस्सा कमी होतो. विमान लवकर सुटतं, जोरात चढतं, उतरताना जास्त तरंगतं. ते आधी माहीत असलं की दचकायला होत नाही.

वहिनींच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, ‘काही होत नाही’ असं सांगू नका. हलक्या विमानांची इंजिनं बंद पडतात त्यातल्या पुष्कळ घटना इंधनाशी जोडलेल्या असतात: संपलेलं किंवा पाणी मिसळलेलं. म्हणून रोज पहिल्या उड्डाणाआधी दोन्ही टाक्यांच्या खालून आणि गाळणीतून पारदर्शक नळीत इंधन काढून उजेडात धरायचं. रंग निळसर हवा, तळाशी पाण्याचा थेंब वेगळा गोळा होऊन दिसतो. हे काम मेकॅनिकने केलं असलं तरी तुम्ही स्वतः करा. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर नाक खाली आणि समोरच, थोडं डावी-उजवीकडे. परत धावपट्टीकडे वळायचा मोह जीवघेणा आहे. आणि वर उंची असेल तर १५२ चं ग्लाइड स्पीडही (इंजिनाशिवाय तरंगत यायचा वेग) ६०च. हजार फुटांवरून, वारा नसेल तर, सुमारे अडीच किलोमीटर जाता येतं.

इथे तुम्ही माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या पुढे आहात. वरून कोणतं रान काय आहे हे मला शहरातल्या पोरांना महिनाभर शिकवावं लागतं. डिसेंबरात सोयाबीन निघालेलं मोकळं, कोरडं रान सगळ्यात चांगलं, मग हरभरा. ज्वारी कमरेच्या वर गेलेली असेल तर नको, ऊस नको, कपाशीच्या उभ्या पळाट्या नकोत. पाणी दिलेल्या गव्हाच्या काळ्या रानात पुढचं चाक रुतून विमान उलटू शकतं, ते तर मुळीच नको. पेरणीच्या तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांबांची रांग आणि विहिरीवरच्या मोटारीकडे जाणारी लाइन शोधायची. डाउनविंडवर दर फेरीला मनात एक रान निवडत जा आणि इन्स्ट्रक्टरला बोलून दाखवा. वहिनींना एखाद्या सकाळी सोबत न्या, नळीतलं इंधन दाखवा, वरून निवडलेली रानं उतरल्यावर नकाशावर दाखवा. मी ज्यांच्या घरच्यांना हे दाखवलं, त्यांची भीती पूर्ण गेली असं नाही, पण प्रश्न नेमके झाले.

डिसेंबरची तारीख शाळेकडून आत्ताच धरून ठेवा, पुढे विमान मिळत नाही. आणि चष्म्याचं काम त्याआधी निदान महिनाभर उरकून घ्या, नवीन काचेची सवय जमिनीवर व्हायला हवी.